एका रविवारचे दोन होकार

पन्नाशीपर्यंत मी कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. लोक म्हणत, भला माणूस. भला वगैरे काही नव्हे. समोरच्याचं तोंड उतरलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. तो पडू नये म्हणून मी प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच ‘हव’, म्हणजे हो, म्हणून मोकळा व्हायचो.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमचा तात्यापारा मोहल्ला कुठे आहे हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा नातेवाइकांना मी सरकारी बाबू असल्याचं आठवलं. कुणाची बदली, कुणाच्या मुलाचा फॉर्म. मी हव म्हणायचो. जेवायला चार माणसं वाढली हे बायकोला पाहुणे दारात आल्यावर कळायचं. ती वरणात पाणी वाढवायची आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलायची नाही.

मी पन्नाशीला आलो तोवर मुलगी नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायला लागली होती. मराठी सगळं समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. तिनं मला बजावलं होतं, “बाबा, शादी की बात चलानी हो तो पहले मुझसे पूछना.” मी हव म्हटलं. तिलाही.

मग गोंदियाहून ताईचा फोन आला. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. “पोट्टीसाठी पोट्टा पाहिला. चांगला आहे रे. रविवारी त्यायले घेऊन येतो. येऊ ना?”

“हव, ताई.”

दोन दिवसांनी ऑफिसच्या बसमध्ये आमचे साहेब शेजारी बसले. आमच्यासारखेच विदर्भाकडचे. “भाचा बिलासपूरला असतो. रविवारी सहज चहाला आणू का? मुलगी बघणंही होईल.”

“हव, सर.”

ताईचा रविवार मला आठवत नव्हता असं नाही, चांगला आठवत होता. दोघांपैकी कुणीतरी आयत्या वेळी येणार नाही, अशी आशा धरून मी बसलो. मुलीला काही सांगितलं नाही. बायकोला म्हटलं, ताई येतेय, सोबत दोघं-तिघं आहेत.

दोघंही आले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे साहेबांनी माझा पत्ता विचारला, तेवढ्यात ताईही मंडळी घेऊन तिथेच पोचली आणि तो सगळ्यांना घरापर्यंत घेऊन आला. “भैया, आपके सब मेहमान ले आया!” दोन्ही मुलांचे शर्ट फिकट निळे, कडक इस्त्रीचे. जागाच नव्हती, म्हणून दोघं एकाच दिवाणावर बसले.

साहेबांच्या बायकोनं ताईला विचारलं, “तुम्ही मुलीकडच्या का?”

“मी आत्या. तुम्ही?”

“आम्ही मुलाकडचे.”

“मुलाकडचे तर हे आहेत ना!” ताईनं दिवाणाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं.

मी स्वयंपाकघरात पळालो. बायको पोहे परतत होती. “किती जण आहेत हे?”

“दोन स्थळं.”

तिनं झारा खाली ठेवला. “पोट्टीले माहीत आहे?”

मी कपबश्या मोजायला लागलो.

तेवढ्यात मुलगी बाहेरून सरळ स्वयंपाकघरात आली, हातात हेल्मेट. “बाबा, किसका कार्यक्रम है?” हसत विचारलं तिनं. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं.

एरवी मी म्हटलं असतं, काही नाही, आत्या आलीय सहज. जिभेवर आलंही होतं. पण आत्ता खोटं बोललो तर ही पोरगी पुन्हा माझ्या कुठल्याच होकारावर विश्वास ठेवणार नाही, हे मला कळलं. पोटात खड्डा पडलाच. म्हटलं, पडू दे.

“मी दोघांना हव म्हटलं. तुला विचारलं नाही. चुकलं माझं.”

तिनं हेल्मेट ओट्यावर ठेवलं. “तो अब पूछिए.”

“आत्ता?”

“अभी. सबके सामने.”

बाहेर येऊन मी विचारलं. “तुला आत्ता लग्नासाठी मुलं बघायची आहेत का?”

“नहीं, बाबा.” भाजीवालीला कोथिंबीर नको म्हणावं इतक्या सहज. मग पाहुण्यांकडे वळून, “आप लोग नाश्ता करके जाइए. पोहा बढ़िया है.”

मी हात जोडले. “माफ करा. तिचं नाही, म्हणून आमचंही नाही.” आवाज चिरकला, पण वाक्य पुरं झालं.

ताई भडकली. “काहून रे, फोनवर तोंड नव्हतं तुले? मले इतक्या दूर बोलावलं!”

“होतं. तुझी भीती वाटली.”

“माही? मी का वाघ आहो?”

“लहानपणापासून, ताई.”

आधी साहेब हसले. मग दोन्ही मुलं, जरा जास्तच मोकळेपणानं. गोंदियाच्या मुलानं पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. ताई मात्र हसली नाही. जाताना मुलीच्या गालाला तिनं हात लावला, माझ्याकडे बघितलंही नाही.

महिनाभर तिचा फोन नाही. म्हणशील ते करतो असं सांगायला मी कितीदा तरी फोन उचलला, खाली ठेवला आणि बूढ़ातलावापर्यंत चालून आलो. परत येईस्तोवर फोन करायची घाई जरा निवलेली असायची.

मग एका सकाळी तिचाच फोन आला. “दिवाळीले पंधरा दिवस तिथं येऊन राहू का?”

‘ह’ ओठांवर आलाच होता. “घरी विचारून सांगतो.”

“विचार. मी फोन धरून आहो.”

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं. “आठ दिवस म्हणा,” बायको आतून म्हणाली.

“आठ दिवस ये, ताई.”

“दहा!”

“आठ, ताई.”

आत मुलगी खुदकन हसली.