किकुयू, लुओ आणि आमचे रामटेकेसाहेब

श्री. अशोक रामटेके यांची आणि माझी पहिली भेट आखातातल्या तुबली गावी, आमच्या ऑफिसात झाली. आमची कंपनी इमारतींना आणि मॉलना सुरक्षारक्षक पुरवते. मी हिशेबाच्या विभागात नवा होतो, तर रामटेकेसाहेब रक्षकांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जेवण झालं का?" मी नाही म्हणताच ते मला रक्षकांच्या मेसमध्ये घेऊन गेले. ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी होती. "याला उगाली म्हणतात. हातानंच खा," म्हणाले. त्यांनी माझं आडनाव विचारलं नव्हतं, हे माझ्या बऱ्याच महिन्यांनी लक्षात आलं. ते कुणालाच विचारत नाहीत.

आमचे बहुतेक रक्षक केनियाचे आहेत. आपल्याला ते सगळे एकसारखेच वाटतात. पण त्यांत किकुयू आहेत, लुओ आहेत, कांबा, लुह्या, कालेंजिन आहेत. प्रत्येकाची घरातली भाषा वेगळी, आणि नाव ऐकलं की समोरचा कोण हे त्यांना लगेच कळतं. रामटेकेसाहेब भंडारा जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबातले. नावावरून माणसाची जागा ठरवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कामापुरती स्वाहिली ते मेसमध्ये बसून शिकले.

केनियातल्या निवडणुकीचा निकाल लागला, त्या आठवड्यातली गोष्ट. कामाऊ हा किकुयू आणि ओतिएनो हा लुओ, दोघेही एकाच खोलीत राहत. स्वयंपाकघरात निकालावरून बोलाचाली झाली आणि दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं खोल्या वेगळ्या मागायला आली. मॅनेजर वैतागले. "अलग कर दो, खलास. फिर झगडा हुआ तो दोनों का व्हिसा कॅन्सल."

रामटेकेसाहेब म्हणाले, "साहब, शुक्रवार तक टाइम दो. कुछ हुआ तो जिम्मेदारी मेरी."

मला हा हट्ट वाटला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साहेब, देऊन टाका ना वेगळ्या खोल्या. कशाला अंगावर घेता?"

"आज खोल्या वेगळ्या होतील, उद्या भांडी," ते म्हणाले. "मी लहानपणी वेगळ्या कपातला चहा प्यायलो आहे. माझ्या हातानं ते सुरू होणार नाही."

शुक्रवारी दुपारी त्यांनी त्या दोघांना मेसमध्ये बोलावलं. मीही होतो. त्यांनी भांडणाचा विषयच काढला नाही. "लहानपणी कुठं राहत होतास?" एवढंच कामाऊला विचारलं. मग त्यानं सांगितलं, की पूर्वीच्या एका निवडणुकीनंतर त्यांचं घर जाळलं गेलं आणि आईनं मुलांना घेऊन चर्चमध्ये आसरा घेतला. ओतिएनो खाली बघत ऐकत होता. तो म्हणाला, "आम्ही फुलांच्या मळ्यावर होतो. बाबा तिथं कामाला. त्याच दिवसांत किकुयूंचा जमाव आला. माझा काका परत आला नाही."

वर्षभर एका खोलीत झोपणाऱ्या त्या दोघांनी हे एकमेकांना कधीच सांगितलं नव्हतं.

"तुझ्या काकाचं नाव काय?" कामाऊनं विचारलं. ओतिएनोनं सांगितलं. मग ते दोघे इंग्रजी सोडून स्वाहिलीत बोलू लागले. रामटेकेसाहेबांनी मला खूण केली आणि आम्ही उठलो.

सगळं गोड झालं असं नाही. वेगळ्या खोल्या मागणाऱ्यांपैकी तिघे जण नाराजच राहिले आणि पुढे कंपनीच्या दुसऱ्या कॅम्पवर राहायला गेले. रामटेकेसाहेबांना त्याचं वाईट वाटलं, ते आजही त्यांची चौकशी करतात. कामाऊ आणि ओतिएनो मात्र त्याच खोलीत राहिले. ओतिएनोचे वडील वारले तेव्हा तो रजेवर गावी गेला आणि त्याची ड्यूटी कामाऊनं मागून घेतली.

साहेबांचा आमच्या घरावरही लोभ आहे. माझी मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत शिकते. तिला शाळेत केनियावर लिहायचं होतं. तिनं विचारलं, "अंकल, विच ट्राइब इज द बेस्ट?" साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. "चल, त्यांनाच विचारू," म्हणून झिंजमधल्या आमच्या घरून तिला आणि मला मेसमध्ये घेऊन गेले. ती परतली ती पाच भाषांतला नमस्कार शिकून. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

गेल्या महिन्यात ओतिएनो ऑफिसात आला आणि फोनवर बाळाचा फोटो दाखवू लागला. म्हणाला, "आमच्यात मोठ्या मनाच्या माणसाचं नाव मुलाला देता येतं. याचं नाव अशोक." शेजारी उभा असलेला कामाऊ म्हणाला, "आमच्यात पहिल्या मुलाला आजोबांचंच नाव द्यावं लागतं सर, नाहीतर मीही..." चष्मा पुसून रामटेकेसाहेबांनी विचारलं, "वजन बरोबर आहे ना बाळाचं?"

साठी पूर्ण करून साहेब आता निवृत्त होत आहेत. पत्नी वंदनावहिनींसह ते नागपूरला परततील, पण त्याआधी ओतिएनोच्या सरोवराकाठच्या गावी छोट्या अशोकला बघायला जायचं त्यांनी ठरवलं आहे. त्यांचे गुडघे, डोळे आणि उमेद दीर्घकाळ शाबूत राहोत. तो मुलगा शाळेत जाईल, कॉलेजात जाईल, आणि कधीतरी कुणी त्याला विचारेल, हे नाव कुठल्या जमातीचं? त्या दिवशी त्याला उत्तर सांगायला आमचे रामटेकेसाहेब ठणठणीत असोत.