इंजिन बंद पडल्यावर धाकटा बोलला ते

थोरल्याला सगळे कॅप्टन म्हणत, धाकट्याला मालक. विमान धाकट्याचं, चालवणारा थोरला. सख्ख्या भावाच्या हाताखाली नोकरी करायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पगार वेळेवर, टोमणे फुकट. पण आई गेल्यावर रक्ताचं म्हणावं असं दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून थोरला निमूट राहिला.

त्या दुपारी विमानात दोघेच होते. धाकटा हौसेने पुढे, शेजारच्या सीटवर बसला होता. इंजिनाने आचके दिले, सगळं विमान थरथरलं आणि एकदम चिडीचूप झालं. समोरचा पंखा उभाच्या उभा. वाऱ्याची सूं सूं तेवढी उरली.

थोरल्याने विमानाचं नाक खाली घेतलं, दुसरी टाकी चालू करून पाहिली, पुन्हा किल्ली फिरवली. छे! टॉवरला कळवलं आणि कापणी झालेलं एक लांबट शेत हेरलं.

"पट्टा घट्ट कर. मी सांगेन तेव्हा दाराची कडी काढ, आपटल्यावर दार अडकायला नको."

धाकट्याची पाचावर धारण बसली होती. हेडफोनमधून त्याचा आवाज थेट कानात शिरला.

"दादा, आपण मरणार. मला सांगू दे. आई झोपेत नाही गेली रे. कितीतरी दिवस पडून होती. थोरल्याला बोलाव, थोरल्याला बोलाव, एवढंच म्हणायची."

"मग?"

"तू तिकडे माझ्या धंद्यातल्या पाहुण्यांना विमानातून घेऊन फिरत होतास. तुला बोलावलं असतं तर सौदा बोंबलला असता. वाटलं, काढेल अजून आठवडा."

थोरल्याने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पण शेताच्या अलीकडे विजेच्या तारा होत्या, आणि तारांना कोणाच्या आईचं काय!

"कडी काढ," एवढंच तो म्हणाला.

तारा जेमतेम चुकल्या. चाकं टेकली, विमान ढेकळांवरून उधळलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक मातीत रुतलं. दोघेही जिवंत.

शेतातली माणसं धावत आली. त्यांच्यादेखत धाकट्याने थोरल्याला मिठी मारली. "माझा दादा! माणूस नाही, देव आहे देव!" थोरला मिठीत खांबासारखा उभा राहिला.

हॉस्पिटलमध्ये खांद्याला पट्टी बांधून घेताना त्याने विचारलं, "आईचं ते खरं?"

"कुठलं?"

"वर बोललास ते."

धाकट्याने कानांवर हात ठेवले. "मी? अरे, जीव जायची वेळ आली की माणूस काय वाटेल ते बरळतो." मग नर्सकडे वळून म्हणाला, "यांना झोपेची गोळी द्या. फार दमलेत."

घरी बायको म्हणाली, "सोडा ती नोकरी. थुंका तिच्यावर."

"आणि या वयात दुसरी कोण देतंय?"

नवीन विमान आलं. कॅप्टन तोच. धाकटा आता मागे बसतो. बोलणं होतं ते वाऱ्यापावसाचं. कधी ढगात विमान हिसके खातं आणि मागून घाबरा आवाज येतो, "दादा, सगळं ठीक ना?" सगळं ठीकच असतं. तरी थोरला मुद्दाम उत्तर लांबवतो. तेवढा वेळ जिवाला बरं वाटतं, आणि मग स्वतःचीच शिसारी येते.