ओव्हाळबाईंचे दगड

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत कल्याणी ओव्हाळ कुठे राहतात असं विचारलं, तर लोक डोकं खाजवायचे. दगडवाल्या बाई म्हटलं की वॉचमनपासून सगळे दुसऱ्या मजल्याकडे बोट करायचे. बाईंना हे माहीत होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटून घ्यायला सवड कुणाला होती! रविवार उजाडला की कापडी पिशवीत दोन-तीन काळे गोटे घालायचे, पिशवी स्कूटीच्या पुढ्यात ठेवायची आणि शमशुद्दीनभाईंच्या ग्रॅनाइटच्या दुकानाची वाट धरायची, हा त्यांचा सहा वर्षांचा नेम.

आता हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगायला हवं. बाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून रोज शेकडो माणसांना सोलापूर, नाशिक, नागपूर जोडून द्यायच्या. मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उगवले, त्यामागून मोबाईल आले आणि ट्रंक कॉलकडे कुणी फिरकेना. सरकारी खातं ते, माणसाला काढत नाही. बाईंना एका टेबलाशी नेऊन बसवलं आणि जुन्या फायलींवर नवे नंबर घालायला सांगितलं. हे काम अकरा वाजता संपायचं. पस्तिशीची धडधाकट बाई, तिनं उरलेला दिवस करायचं काय? स्वेटर विणून झाले. ते घालायला पुण्यात थंडी तरी कितीशी पडते!

त्याच सुमाराला अख्खं शहर खणायला काढलं होतं. एक कंपनी केबल टाकायला रस्ता उकरायची, बुजवायची, आणि पंधरा दिवसांनी दुसरी कंपनी येऊन तोच रस्ता उकरायची. हिंजवडीकडे आयटीवाल्यांच्या इमारतींसाठी सुरुंग लागत होते. शहरात मोकळा प्लॉट दिसला की तिथे खड्डा. लोक शिव्या घालत कडेकडेनं चालायचे. एकदा ऑफिसच्या फाटकासमोर अशाच एका ढिगाऱ्यात बाईंना ठेच लागली. अंगठा धरून खाली पाहिलं, तर एक काळा दगड फुटून पडलेला आणि त्याच्या पोटात काचेसारखी पांढरीशुभ्र टोकं एकमेकांना खेटून उभी. बाई भर रस्त्यात उकिडव्या बसल्या. मागे रिक्षावाले भोंगे वाजवत होते, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

पुढे त्यांनी पुस्तकं आणून वाचलं, की पुण्याखालचा हा काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात बुडबुडे अडकले, त्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि लाखो वर्षांत असे स्फटिक धरले. पुस्तकात ते अर्ध्या पानात आटोपलं होतं. बाईंना मात्र झोप लागली नाही. आपण रोज ज्याच्यावरून चालतो त्याच्या आत हे आहे, आणि कुणाच्या गावीही नाही?

मग सुरू झालं. ढिगारा दिसला की स्कूटी थांबायची. बाई गोटा उचलून वजन बघायच्या, दुसऱ्या दगडानं टकटक करून कान लावायच्या. पंधरा वर्षं तारेवरची खरखर ऐकलेला कान तो. भरीव कोण आणि पोकळ कोण, हे त्याला कळायला लागलं. तरी दहातले सात दगड फसवायचेच. ठोकून फोडले की आतले स्फटिक भुगा होऊन पडायचे, म्हणून त्या कापायला शमशुद्दीनभाईंकडे गेल्या. भाई लोकांच्या स्वयंपाकघरांचे ओटे कापणारे, पिढ्यान् पिढ्या पुण्यातले. पहिल्या दिवशी त्यांनी गोटा हातात फिरवून विचारलं, मॅडम, याचा ओटा केवढासा होणार? पण कापून दिला. पाण्याची धार सोडून, पात्याला घाई न करता. दोन शकलं वेगळी झाली, आत मधाच्या रंगाची पानंपानं उलगडलेली निघाली आणि भाई मशीन बंद करून ती उजेडाशी घेऊन गेले. त्यानंतर रविवारी अकरा ते बारा त्यांचं मशीन दुसऱ्या कुणासाठी चालायचं नाही.

घरात मात्र कौतुकाची बोंबच होती. यजमान दिगंबरराव पोस्टात, ते रविवारी दुपारी पेपरामागून विचारायचे, "आज काय निघालं?" बाई गोटा भरीव निघाल्याचं सांगायच्या. "म्हणजे दगडातून दगड निघाला," असं म्हणून ते पान उलटायचे. सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव यांनी तर जिन्यात पाटीच लावली होती: सज्जात दगड ठेवू नयेत, इमारत माणसांसाठी बांधलेली आहे. नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती म्हणा.

बाईंना विचारलं असतं की यात मिळतं काय, तर त्यांनी सांगितलंही नसतं. पण पातं आरपार गेलं आणि दोन शकलं हातात आली की त्या आधी ती उन्हाकडे धरायच्या. आत जे काही असेल ते जगात पहिल्यांदा आपण बघतोय, हा आनंद त्यांना दुसऱ्या कशात मिळाला नव्हता. लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. त्यांनी हॉलमधलं शोकेस रिकामं केलं, कपबश्या माळ्यावर टाकल्या आणि तिथे शकलं मांडली. वरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली चाळीसेक दगड.

दोन हजार दोन साली त्यांची आई चंपाबाई या घरी राहायला आली. करमाळ्याकडच्या गावात ती धाकट्या मुलाजवळ, संजयजवळ असायची, पण तो नोकरीसाठी बायकोपोरांना घेऊन सुरतेला गेला आणि म्हातारी एकटी पडली. सुरतेला ती जाईना. कल्याणीबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या. आईनं आता आपल्याजवळ राहावं, तिच्या हातापायांना जरा आराम मिळावा, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. या आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून दोन पोरं जगवली होती आणि नंतर शेतावर राबून त्यांना शिकवलं होतं. तिचं देणं कशानं फिटणार?

आल्या दिवशीच चहा झाल्यावर बाईंनी हौसेनं शोकेस उघडलं. त्यांना वाटलं होतं, दगडाशी जिचा जन्म गेला तिला हे दाखवलंच पाहिजे. सगळ्यांत देखणं शकल त्यांनी आईच्या हातावर ठेवलं. निळसर झाक असलेले पांढरे स्फटिक, उन्हात धरले की डोळे दिपवणारे. चंपाबाईनं ते पाहिलं. शकल टेबलावर ठेवून ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर म्हातारी त्या घरात पाहुण्यासारखी वागायला लागली. जेवायला वाढलं की एका भाकरीवर हात धुवायची. हॉलमध्ये बसलीच तर शोकेसकडे पाठ करून. रविवारी लेक पिशवी घेऊन निघाली की दाराआडून बघत राहायची. कल्याणीबाईंनी खूप डोकं लढवलं आणि स्वतःची समजूत करून घेतली, की आईला लाज वाटते. जिनं पोटासाठी दगड फोडले, तिची सरकारी नोकरीतली लेक हौसेनं दगड फोडते, शेजारीपाजारी हसतात, हे तिला कसं सोसावं? हे पटलं, तशी त्यांना स्वतःची शरम वाटली. इतकी वर्षं हे आपल्या लक्षातही येऊ नये?

पुढच्या रविवारी त्यांनी सगळी शकलं पोत्यात भरली आणि रिक्षानं शमशुद्दीनभाईंकडे पोचवली. भाईंनी कारण विचारलं नाही. नुसतं म्हणाले, की मागच्या खोलीत ठेवतो, टाकणार नाही. घरी येऊन बाईंनी माळ्यावरच्या कपबश्या काढल्या, पुसल्या आणि शोकेसमध्ये लावल्या. आई राहणार असेल तर सौदा वाईट नव्हता.

आणि झालं भलतंच! दगडांच्या जागी कपबश्या बघून चंपाबाईच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडी बोचक्यात बांधली आणि गावाला जाते म्हणाली. किती विनवलं, दिगंबररावांनी पेपर बाजूला ठेवून दोन गोड शब्द सांगितले, तरी ढिम्म. शेवटी बाईंनी रजा टाकली आणि आईला घेऊन स्वारगेटला आल्या.

करमाळ्याची गाडी फलाटाला लागलेली होती, सुटायला पंधरा मिनिटं होती. दोघी बाकावर बसल्या. कल्याणीबाईंचा धीर सुटला. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, की आई, दगड तर काढून टाकले, आता कशाचा राग आहे तुला?

म्हातारी चमकली. "माजा राग?" ती म्हणाली. "राग तुजा हाय. तीस वर्सं धरून बसलीस."

बाईंना काही उमगेना. मग चंपाबाई समोरच्या गाडीकडे बघत सांगायला लागली. दुष्काळातली गोष्ट. खडीच्या कामावर ती दहा वर्षांच्या कल्याणीला बरोबर न्यायची. फोडलेली खडी मुकादम लाकडी पेटीनं मोजायचा. पेटी शिगोशीग भरली तरच हजेरी लागायची, नाहीतर दिवस फुकट. एका दुपारी पोरीला ढिगात एक फुटका गोटा सापडला. आत पांढरं, निळसर चकाकणारं काहीतरी. पोरीनं तो फडक्यात गुंडाळला आणि पोटाशी धरून बसली. संध्याकाळी मुकादम आला, तर चंपाबाईची पेटी चार बोटं कमी. आजूबाजूला फोडायला दगड उरला नव्हता.

"तुज्या हातातनं वडला म्या त्यो," चंपाबाई म्हणाली. "तू सोडंनास. लई जोरात थोबाडीत दिली. आन तुज्यासमोरच फोडून पेटीत टाकला. तू रडलीबी न्हाईस. नुसती बघत हुतीस."

तिनं बाजूचं बोचकं जवळ ओढलं. मग म्हणाली, "तुज्या घरी कपाट उघडून दावलंस, तवाच वळखलं. पोरगी तोंडानं बोलत न्हाई, पर दावतीया. एक फोडलास, हे बघ चाळीस. आन मग समदे उचलून नेलेस, तवा वाटलं, आता आपल्याला दावायचीबी हिची विच्छा ऱ्हायली न्हाई."

कल्याणीबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. दुष्काळ आठवत होता. पोरांना वाटायच्या त्या सुकडीचा वास, पाण्याचा पत्र्याचा डबा, आईच्या पदराला पुसलेले हात, सगळं आठवत होतं. तो गोटा, ती थप्पड, यांतलं काहीही नाही. मनाचा कोपरान् कोपरा त्यांनी धुंडाळला, तिथे काही नव्हतंच. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण आईनं तीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट होती ती, तिच्यापुढे खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही.

"आई, मला नाही गं आठवत," त्या म्हणाल्या. "खरंच नाही आठवत. माझा कसलाच राग नाही. मला दगड आवडतात, एवढंच."

आता म्हातारी हलकी होईल, असं त्यांना वाटलं. उलट तिचा चेहरा पडला. लेकीकडे ती टक लावून बघत राहिली. कंडक्टर गाडीत चढला, दार आपटलं, माणसं धावली.

"तुला आठवतच न्हाई," चंपाबाई हळूच म्हणाली, "मग मला माफ कोन करनार?"

हिशेबानं बघितलं तर माफीचा प्रश्नच नव्हता. भुकेल्या पोरांसाठी बाईनं पेटी भरली, यात गुन्हा कसला? हेच कल्याणीबाईंच्या ओठावर आलं होतं. पण हे आईनंही स्वतःला हजारदा सांगून पाहिलं असणार आणि त्यानं काही झालं नसणार, हे त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला. घट्टे तसेच होते.

"लागलं होतं का मला?" त्यांनी विचारलं.

"गाल सुजला हुता. दोन दिस."

"आणि पेटी भरली?"

"भरली."

"कसा होता तो दगड? नीट सांग."

चंपाबाई सांगू लागली. नारळाएवढा होता. वरनं अगदी काळा, एका अंगानं फुटलेला. आत तोंडाशी बारीक कणी आणि खोल गेलं की मोठाले, बोटाएवढे खडे, वर निळी झाक. फोडताना त्यातला एक न तुटता अख्खा सुटून आला, तो तिला टाकवेना, पण पेटीत टाकला. किती बारीकसारीक तिच्या लक्षात होतं! तिनं तो गोटा लेकीपेक्षा नीट बघितला होता आणि बघता बघताच फोडला होता. करमाळ्याची गाडी मागे सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.

सगळं ऐकून झाल्यावर कल्याणीबाई म्हणाल्या, "माफ केलं, आई."

"आठवत न्हाई म्हनतीस आन माफ करतीस?"

"तू सांगितलंस ना आत्ता," बाई म्हणाल्या. "आता आठवेल मला. लागलं होतं मला खूप. आणि माफ केलं."

चंपाबाई स्वारगेटच्या फलाटावर, चारचौघांत, पदर तोंडात कोंबून रडली. तीस वर्षांचं रडणं ते, सरायला वेळ लागला. मग तिनं नाक पुसलं, बोचकं उचलून लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि रिक्षा बघ म्हणाली.