ज्याचं ‘नाही’, त्याचं काम

“क्लबनं मला काहीच दिलं नाही असं कसं म्हणता? हे गुडघे दिले की,” असं वेल्डर एकदा जावयाला म्हणाला होता. जावई हसला. वेल्डरला खुर्चीतून उठायचं होतं. सगळा श्वास त्यातच गेला.

बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यामागे, पाळी सुटल्यावर आठजण चेंडू लाथाडायचे. त्याचाच पुढे क्लब झाला. अकरा भरेनात, म्हणून समोरच्या सलूनमधले दोघे भाऊ घेतले आणि गोलात चष्मेवाला कंपाउंडर उभा केला. पाण्याच्या टाकीमागची राडारोड्याची जागा मिळाली. गोलपोस्ट वेल्डरनं जोडले. टेप नव्हती, म्हणून पहिल्या गोलाचं माप घ्यायला तो स्वतः जमिनीवर ओळीनं चार वेळा आडवा झाला. दुसऱ्याच्या वेळी तो पाइप कापत होता, तेव्हा धाकटा सलूनवाला आडवा झाला. तो वीतभर बुटका. गोल चांगला दोन हात अरुंद निघाला.

“हाफटाइमला बाजू बदलतातच की,” कंपाउंडर म्हणाला. “अन्याय झाला तर दोघांवर सारखाच.”

गोल तसाच राहिला.

बैठकीत मात्र उंटावरून शेळ्या हाकणारे फार झाले. त्यावर तोडगा म्हणून क्लबनं एक रीत पाडली. एकाचंही ‘नाही’ आलं की ठराव बारगळायचा. पण पुढचं काम त्या नाही म्हणणाऱ्याच्याच गळ्यात. गप्प बसला, त्याचा होकार. महिन्याभरात सगळ्यांनी गप्प बसण्याची कला आत्मसात केली. वेल्डरला ती जमली नाही.

गवत वाढलंय, यंदा मैदान सोडून देऊ, असं ठरत होतं. तो नाही म्हणाला. विळा त्याच्या हाती आला. जर्सी ज्यानंत्यानं घरी धुवाव्यात असं निघालं. एका संघात अकरा तऱ्हेचे लाल रंग दिसतील, म्हणून तो नाही म्हणाला; जर्सींचं गाठोडं त्याच्या मोरीत आलं. पोरांचा संघ बंद करायला तो नाही म्हणाला आणि रोज संध्याकाळी पोरांमागे धावू लागला. त्याच पोरांनी पुढे क्लबला वरच्या गटात नेलं, एकदा उपांत्य फेरीतही. त्या दिवशी सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरवल्यावर त्यानं जर्सी गोळा केल्या.

मग हळूहळू ओहोटी लागली. कारखाना गेला. सलूनवाले भाऊ गेले, कंपाउंडर गेला. आता रविवारी सातजण जमले तरी खूप. पलीकडच्या मोठ्या क्लबनं निरोप धाडला होता: आमच्यात या. दिवे लावू, प्रशिक्षक देऊ. नाव मात्र आमचं.

बैठकीच्या सकाळी बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

“अहो, नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण ते गाठोडं आता या उंबऱ्याच्या आत येणार नाही. माझी बोटं वळत नाहीत.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“तुम्ही म्हणायच्या आधी तुमचे कान हलतात. इतकी वर्षं बघतेय.”

क्लबच्या खोलीत ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास होता. सेक्रेटरी, कधीकाळी वेल्डर ज्यांच्यामागे धावला त्यांतलंच एक पोर, आता टकलावर हात फिरवत उभा होता. त्यानं ठराव वाचला आणि रीतीप्रमाणे विचारलं, “कुणाचं नाही?”

सगळ्यांनी वेल्डरकडे पाहिलं. त्यानं खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. ‘नाही’ घशाशी आलं होतं; त्याचं तोंड त्या शब्दाला सरावलेलं होतं. पण त्या शब्दामागून विळा आला, मोरी आली, फेसात बुडालेले बायकोचे हात आले. हात तिचे होते. ‘नाही’ मात्र दर वेळी त्याचं.

“काका, एक शब्द बोला,” मागून एक खेळाडू कळवळून म्हणाला. “तुम्ही नाही म्हणालात तर क्लब राहील.”

“मग तू म्हण ना,” सेक्रेटरी म्हणाला.

खेळाडूनं मान खाली घातली. बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी तो ती बांधू लागला. वेल्डरला त्याचा राग आला नाही. गप्प बसायला शिकलेला आणखी एक.

“शेवटचं विचारतो,” सेक्रेटरीचा आवाज चिरकला. “काका... कुणाचं नाही?”

वेल्डरनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. एकदा प्रयत्न फसला. दुसऱ्यांदा तो उठला. खुर्ची करकरली. सेक्रेटरीच्या खांद्यावर त्यानं क्षणभर हात ठेवला. आधारासाठी की आणखी कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत तो दाराशी गेला, आणि काहीही न बोलता बाहेर पडला.