सासरेबुवांना मिळालेला बुधवार

शेजारच्या वहिनींनी सख्ख्या सासऱ्यांना पोलिसांत दिलं, ही बातमी आमच्या विद्यापीठाच्या कॉलनीत सकाळच्या दुधाबरोबर घरोघरी पोचली. दुपारपर्यंत बातमीत बेड्या आल्या. संध्याकाळी वॉचमननं तर जीप कुठे उभी होती ती जागाही मला दाखवली. आमची आणि वहिनींची भिंत एकच, तेव्हा खरं काय ते मलाच सांगायला हवं. पोलीस आले नव्हते, जीप नव्हती. वहिनींनी सासऱ्यांना फक्त बुधवार दिला होता.

बुधवार म्हणजे काय, ते विद्यापीठाच्या हॉस्टेलमधल्या पोरांना विचारा. वहिनी तिथल्या संगणक केंद्रात आहेत. विद्यापीठाच्या नेटवरून कोणी सिनेमा किंवा गाणी चोरून उतरवली की सिनेमावाल्यांची तक्रार येते, ती थेट वहिनींच्या टेबलावर. कुठल्या खोलीतून उतरवलं, ते त्या हातातला चहा गार व्हायच्या आत शोधतात. मग त्या खोलीचं नेट बंद आणि केंद्राच्या दारावर खोलीचा नंबर: बुधवारी हजर राहावे.

पोरं येतात ती सबबी घोटून. रूममेटनं केलं. आपोआप झालं. नेटवर होतं म्हणजे फुकटच असणार. एकानं तर मांजरावर ढकललं होतं. वहिनी सगळं शांतपणे ऐकतात, मांजराची चौकशी करतात आणि एकच काम सांगतात. पुढच्या आठवड्यापर्यंत काहीतरी स्वतःचं करून आणायचं. कविता, चित्र, चाल, काहीही, पण स्वतःचं. ते ग्रंथालयाबाहेरच्या मोठ्या स्क्रीनवर आठवडाभर झळकतं. दुसऱ्याच्या नावानं.

पोरं धापा टाकत येतात, मॅडम, नाव चुकलंय. वहिनी म्हणतात, हो का? आणि बिस्कीट पुढे करतात. आठवडा संपला की खरं नाव लावतात. या प्रकाराची वाच्यता आजवर एकाही पोरानं बाहेर केलेली नाही. आपण भोगलं ते पुढच्यानंही भोगावं, एवढा बंधुभाव विद्यार्थ्यांत असतोच.

सासरेबुवा याच विद्यापीठाचे निवृत्त ग्रंथपाल. हयात गेली पुस्तकं देण्याघेण्यात. मुलगा कायम दौऱ्यावर, सून कामावर, तेव्हा घरात ते, कॉम्प्युटर आणि कॉलनीला मिळालेलं विद्यापीठाचं नेट. हळूहळू ते सिनेमे उतरवायला शिकले. आता, या चोरट्या सिनेमांचा जो प्रोग्राम असतो ना, तो सिनेमा उतरला की तुमच्याकडून तो आणखी लोकांना वाटत बसतो. सराईत पोरं तो लगेच बंद करतात. सासरेबुवांनी पडद्यावर ‘इतरांना देत आहे’ असं वाचलं आणि त्यांच्यातला ग्रंथपाल गहिवरला. कॉम्प्युटर बंद करायचं नावच घेईनात. कुणाचा सिनेमा अर्धा उतरला असेल, त्याला ताटकळत कसं ठेवायचं? ‘रांग लागलीय, भाऊ,’ असं मला जिन्यात अभिमानानं सांगितलं होतं.

झालं, तक्रार आली. वहिनींनी खोली शोधायला घेतली आणि सापडलं ते स्वतःचंच घर.

मागच्याच बुधवारी, नेट बंद झालेल्या हॉस्टेलच्या एका मुलीनं त्यांना तोंडावर विचारलं होतं, नियम काय फक्त आम्हालाच? मोठ्यांच्या घरचं नेट कोण बंद करतं? आता ही तक्रार वहिनींखेरीज कुणी पाहिलेली नव्हती. कागद टराटरा फाडला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण बुधवारी त्याच मुलीपुढे उभं राहायचं होतं. वहिनींनी आपल्या घराचं नेट बंद केलं आणि केंद्राच्या दारावर आपल्याच घराचा नंबर लावला. आमच्या कॉलनीनं तो वाचला, आणि जीप निघाली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करणार.

‘सूनबाई, मी काही विकलं नाही. मागेल त्याला दिलं,’ सासरेबुवा म्हणत होते.

‘बाबा, तुम्ही द्यायचात ती पुस्तकं आधी विकत आणलेली असायची ना?’

भांडी फळीवर लागल्याचा आवाज आला. मग सासरेबुवांनी विचारलं, ‘बुधवारी किती वाजता?’

इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पहिल्या रांगेत बसले, पोरांच्या बरोबरीनं. ती मुलगी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा वहिनींकडे. मग तिनं आपली खुर्ची सरकवून त्यांना पाय पसरायला जागा करून दिली.

सासरेबुवांनी वाचनकक्षावर दोन पानं लिहून दिली. पंख्याखाली झोपायला येणारे वाचक, वर्तमानपत्राचं एकच पान धरून दोघांची चाललेली ओढाताण. आम्ही मेलो हसून. स्क्रीनवर खाली नाव होतं माझं.

वहिनींनी आधी विचारलं होतं. एक भरवशाचं, रिकामटेकडं नाव हवंय म्हणाल्या, आणि तेवढ्या दोन गुणांवर मला निवडलं. पण पुढचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रस्त्यात लोक थांबवून हात मिळवू लागले. आमच्या हिनं, जी माझं बोलणं आजवर अर्ध्यातच तोडत आली आहे, न मागता दुसरा चहा दिला. मीही मान जरा तिरपी करून, ‘सुचलं आपलं’ असं म्हणायला लागलो.

सासरेबुवा स्क्रीनसमोर चष्मा लावून उभे राहिले, मग काढून, मग परत लावून. माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी एका सकाळी दारात येऊन म्हणाले, ‘पंख्याखालची ओळ माझी आहे.’ मी काही बोलायच्या आत तरातरा संगणक केंद्राकडे गेले. तिथे त्यांना बिस्कीट मिळालं. घरी येऊन त्यांनी तो प्रोग्राम स्वतःच्या हातानं काढून टाकला आणि रांगेतल्या लोकांना आता सिनेमा कोण देणार, हे पुन्हा विचारलं नाही. ती मुलगी तर हल्ली नव्या पोरांना बुधवारच्या खोलीची वाट दाखवते. बिस्किटाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही.

आठवडा संपत आला तसा मी वहिनींना जिन्यात गाठलं. म्हटलं, सासरेबुवांचं नाव लावायचं ते लावालच, पण घाई कशाला? लोक अजून वाचताहेत. माझं आणखी आठ दिवस राहिलं तर काय बिघडलं?

वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘राहू द्या की, भावजी. पहिल्या रांगेतली बाबांची खुर्ची रिकामी झालीय. बुधवारी या.’