दीपगृहाभोवतीच्या होड्या

माझी आत्या निवृत्त झाली आणि भंगारात शिरली, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खोटं नव्हतं ते. तीस वर्षं तिने रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. पट्ट्यावरून सरकत आलेला रेडिओ कानाशी धरायचा, सगळी बटणं फिरवून बघायची आणि पाठीवर खडूने बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली मारायची. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच रविवारी ती उड्डाणपुलाखालच्या जुन्या बाजारात गेली, तर तिथे चादरीवर मांडलेल्या मोडक्या सामानात तिला आपल्याच कारखान्याचा रेडिओ दिसला. सासरी हाल झालेली लेक माहेरी आणावी तसा तिने तो घरी आणला. चार दिवस खपून बोलता केला आणि एका हौशी माणसाला विकला. आलेल्या पैशांतून माणूस काय घेईल? हिने चावीचं पत्र्याचं बदक घेतलं.

तिथून तिचा धंदा सुरू झाला. धंदा हा शब्द मी मोठ्या मनाने वापरते आहे. जुने ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, केस वाळवायची यंत्रं, एकदा तर एक मुका झालेला दारावरचा बोलका फोन, असलं काहीबाही ती उचलून आणायची, बरं करायची, विकायची, आणि त्यातून जुनी खेळणी घ्यायची. पेन्शनला हात लावायचा नाही हा तिचा कडक नियम होता. "पेन्शन पोटाला, भंगार खेळण्यांना," असं ती म्हणायची. दुसरा नियम त्याहून कडक. कोणतीही वस्तू चालवून बघितल्याशिवाय किंवा निदान उघडून बघितल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. सुरुवातीला एकाने तिला आत विटेचा तुकडा भरलेला टेपरेकॉर्डर वजनदार म्हणून विकला होता. दुधाने तोंड पोळलेलं होतं, त्यामुळे ताक ती फुंकूनच प्यायची. पर्समध्ये चार सेल आणि अंबाड्यात छोटा स्क्रूड्रायव्हर खोचलेली बाई त्या बाजारात एकच होती.

तिची खोली पहिल्या मजल्यावर, खाली शिंप्याचं दुकान. शिवणयंत्रांची घरघर फरशीतून वर यायची आणि चपला काढल्या की तळपायांना कळायची. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत यायचं आणि फळीवरच्या पत्र्याच्या खेळण्यांवरून हळूहळू चालत जायचं, आधी बदक, मग ढोलवालं माकड, मग दुमजली बस. त्या वेळी ती एखादा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवायची. नुसती खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी कोणीतरी फार लांबून गात असल्यासारखं. मी शाळेच्या ऑफिसातून थेट तिच्याकडे जाऊन सतरंजीवर आडवी व्हायचे. तासभर आम्ही दोघी काही बोलायचो नाही. माझ्यासारखी बाई तासभर गप्प बसते यावर घरी कोणाचा विश्वास बसायचा नाही.

कोणतं खेळणं कशाचं झालं हे तिला पाठ होतं. हे माकड म्हणजे तो हिरवा ट्रान्झिस्टर, ही बस म्हणजे ते दोन कॅसेटवालं यंत्र. अर्धवट झोपेत मला वाटायचं की रेडिओ रात्रभर उबवून बसतात आणि सकाळी त्यांच्याखाली बदक निघतं. बाबा तिचे धाकटे भाऊ. एकदा त्यांनी तिला विचारलं, ताई, खेळण्यांचं वय आहे का आता. ती म्हणाली, खेळण्यांचं वय झालंच आहे, माझं काढू नकोस.

पण हे सगळं नमनाला घडाभर तेल होतं. तिला खरं हवं होतं ते एकच, दीपगृह. आठ वर्षांची असताना आजोबांबरोबर बूट घ्यायला गेली होती, तेव्हा तिने ते एका दुकानाच्या काचेमागे बघितलं होतं. पत्र्याचं निळं पाणी, मधोमध पांढरं दीपगृह, माथ्यावर फिरणारी लाल-पिवळी काच, आणि भोवती होड्या. आजोबांनी हात धरून ओढलं म्हणून ती निघाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली तर काचेमागे इस्त्र्या मांडलेल्या. ही गोष्ट तिने मला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की मला वाटायचं, आत्या पूर्वी त्या दीपगृहाजवळ राहायला होती आणि नंतर इकडे आली.

दोन वर्षांपूर्वी तिला काचबिंदू झाला. झाला म्हणजे झालेलाच होता, कळला तेव्हा. कडेचं दिसणं हळूहळू बंद होत जातं आणि मधलं तेवढं उरतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. आत्याने घरी कोणाला सांगितलं नाही. शेवटी तिच्या हातानेच चुगली केली. तापलेली सोल्डरिंगची कांडी तिने नेहमीसारखी उजवीकडे ठेवली, आणि उजवीकडचं जगच तिच्या डोळ्यांतून गेलेलं असल्यामुळे सरळ तिच्यावर पालथा हात ठेवला. बाबांनी तिची कांडी उचलून आमच्या घरी नेली. ती तिसऱ्या दिवशी येऊन गुपचूप परत घेऊन गेली.

त्याच महिन्यात कानटोपीवाल्यांचा निरोप आला. हे जुन्या खेळण्यांचे व्यापारी बारा महिने कानटोपी घालतात, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्यांच्याकडे दीपगृह आलं होतं, रंग शाबूत, चावी शाबूत. त्यांना पैसे नको होते. त्यांना चालू स्थितीतला, मोठ्या चकत्यांचा स्पूल टेपरेकॉर्डर हवा होता. तो द्या, हे न्या. तसला एक मेलेला टेपरेकॉर्डर आत्याच्या पलंगाखाली वर्षभर पडून होता.

तीन महिने ती त्याच्यामागे लागली. मी हात देते म्हटलं तर म्हणायची, तुझा हात म्हणजे आजारापेक्षा औषध भयंकर. मान वळवून वळवून एकेक स्क्रू शोधायची. पडलेला स्क्रू तिला सापडायचा नाही, मग मी सतरंजीवरून उठून तो तिच्या दिसण्याच्या तेवढ्या गोल तुकड्यात नेऊन ठेवायचे. डोळ्यांतला दाब उतरवायला ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याच्या आदल्या दिवशी टेपरेकॉर्डरच्या चकत्या फिरल्या. कानटोपीवाले शनिवारपर्यंतच थांबणार होते, तिचा डोळा आठवडाभर बांधलेला राहणार होता. म्हणून ते धूड रिक्षात घालून मी गेले.

दुकान म्हणजे एक बोळ होता, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. कानटोपीवाल्यांनी टेपरेकॉर्डर लावला, पुढे पळवला, मागे पळवला, कान लावून ऐकला आणि मान डोलावली. मग त्यांनी मऊ कापडातून दीपगृह काढून ठेवलं. मी म्हटलं, आमचं तुम्ही चालवून बघितलंत, आता तुमचं चालवून दाखवा. ते म्हणाले की मॅडम, असल्या जुन्या वस्तूला चावी देत नाहीत, ती ठेवायची आणि बघायची. मला वाटलं, झालं, विटेचा तुकडा. आत्याच्या घरात न चालवलेली वस्तू येत नाही, मी उंबऱ्यावर तिला काय सांगू? मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की समोरचा माणूस वाद घालत नाही, हा माझा आजवरचा अनुभव आहे. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून हं," आणि त्यांनी चावी दिली.

ते फिरलं. काय सांगू, त्या बोळातला धुळकट उजेड सगळा त्या पत्र्याच्या पाण्यावर गोळा झाला. माथ्यावरची काच लाल झाली, पिवळी झाली, पुन्हा लाल झाली. होड्या किंचित डुलत दीपगृहाभोवती निघाल्या, अजिबात घाई न करता, कोणी वाट बघत नसल्यासारख्या. कानटोपीवालेसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होते. मी आठ वर्षांची झाले होते. मला कोणी हात धरून ओढलं नाही. पूर्ण चावी संपेपर्यंत मी बघितलं, आणि हावरटासारखं म्हटलं, अजून एकदा. दुसऱ्यांदा चावी देताना आतून काड्कन आवाज आला आणि चावी सैल फिरायला लागली.

कानटोपीवाल्यांनी मला बोल लावला नाही. उलट म्हणाले, तुमचं यंत्र परत न्यायचं असेल तर न्या. ते न्यावं असं क्षणभर वाटलं, पण दुसरं दीपगृह या जन्मी मिळणार नव्हतं. मी ते कापडात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन घरी आले. वाटेत तीन खोट्या गोष्टी रचल्या, तिन्ही बऱ्यापैकी जमल्या होत्या.

आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला औषध घातलेलं, त्यामुळे तोही मिटलेला. तिने हात पुढे केले आणि दीपगृहावरून बोटं फिरवली, माथ्यापासून पाण्यापर्यंत.

"चालवून बघितलंस?" तिने विचारलं.

एकही खोटं तोंडातून निघेना. सगळं सांगितलं, माझ्या हावरटपणासकट. स्प्रिंग तुटल्याचं ऐकून तिने चावी दोन बोटांत धरून सैल फिरवून बघितली. मग म्हणाली, "फिरत होतं तेव्हा कसं होतं ते सांग."

मी सांगितलं. काच कशी बदलत होती, पाण्यावर उजेड कसा होता. मग म्हटलं, दोन होड्या आहेत, दोन्ही सारख्या, पांढऱ्या, लाल पट्टीच्या.

"दोनच?"

"दोनच."

तिने दीपगृह माझ्या हातात परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला वाटलं, हिने पन्नास-पंचावन्न वर्षं ज्याची वाट बघितली ते मी बघून आले, आणि वर मोडून आले. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं मला. चोरीचा माल निदान परत तरी करता येतो.

दोन दिवस ती माझ्याशी फक्त डोळ्यांच्या औषधापुरती बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आण ते, उघडू. पत्र्याच्या खेळण्याचे दोन भाग धरून ठेवणारे दुमडलेले कान सरळ करून ते उघडलं की संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत निम्म्यावर येते. नंतर हे कानटोपीवाल्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कानटोपीसकट डोकं धरलं. पण तपासणीच्या टेबलावर फुली मारून गप्प बसणं वेगळं, घरच्या टेबलावर तसं गप्प कोण बसतं? पट्टी सुटल्यावर आम्ही बसलो. या वेळी हात माझे होते. ती सांगत होती, मी करत होते, आणि चुकले की ती माझ्या मनगटावर चापट मारत होती. स्प्रिंग आतल्या टोकाला तुटली होती. फडक्यात घट्ट धरून ती काढली, कारण सुटली असती तर तिने बोटं कापली असती. टोक मेणबत्तीवर लाल करून मऊ केलं, नवा आकडा वळवला आणि पुन्हा बसवलं. स्प्रिंग दोन बोटं आखूड झाली होती. चार कान पुन्हा दुमडताना एक मोडला. आत्या म्हणाली, राहू दे, तीनवर उभं राहील.

दुपार होती. ऊन बदकावरून पुढे सरकलं होतं, खाली शिवणयंत्रं चालू होती. दीपगृह तिने आपल्यासमोर टेबलावर ठेवलं, खुर्ची मागेपुढे करून दिसण्याचा गोल नीट त्याच्यावर आणला आणि जपून चावी दिली.

ते फिरायला लागलं. ती हलली नाही. समोरून एक होडी गेली, आणि तिच्या नजरेबाहेर गेलेली मला कळली, कारण तिचे डोळे तिच्या मागे गेले नाहीत.

"मान वळव ना, आत्या," मी म्हटलं. "ती बघ, तिकडे गेली."

"नको. येते आहे दुसरी."

दुसरी आली. मग पहिली पुन्हा आली.

"तेव्हासुद्धा एवढंच दिसलं होतं गं मला," ती म्हणाली. "काचेपुढे मोठी मुलं उभी होती. दोघांच्या कोपरांमधल्या फटीतून बघत होते. एक होडी यायची, जायची, मग दुसरी, मग तिसरी. संपायच्याच नाहीत. मला वाटायचं, शंभरेक तरी असतील. तू दोनच म्हणालीस ना, तेव्हा फार वाईट वाटलं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तिला त्या दिसल्या नाहीत, मी तिच्या उजवीकडे बसले होते. दीपगृह हळू होत थांबलं, तशी तिने समोरून नजर न काढता चावी माझ्या बाजूला सरकवली.

"दे अजून," ती म्हणाली. "बऱ्याच यायच्या आहेत."