जवसाचं लुगडं

कुजल्याशिवाय जगातली कोणतीही गोष्ट कामाची होत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं दुर्दैव असं की तो तिचाच नवरा होता. कुरखेड्याकडे लोक जवसाचं तेल काढत आणि काड्या चुलीत घालत. भाऊजींनी कुठेतरी वाचलं, की विलायतेत अशाच काड्या कुजवून साहेबलोकांचे सदरे करतात. झालं. ताईच्या अंगणात रांजण आले, रांजणात काड्या आल्या आणि मग तो वास आला. "पाण्यात बारीक जीव राह्यतेत," ते मला समजावत, "ते काडीतला डिंक खातेत आन् सूत आपल्याले ठेवतेत." गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, काड्या टाकू द्यायला मासे धरणाऱ्या ढिवरांनी साफ नकार दिला होता, कारण कुजल्या काड्यांच्या पाण्यात मासोळी जगत नाही. माणसं जगतात की नाही, हे भाऊजींनी घरातच पाहायचं ठरवलं.

तेवढ्यावर भागलं असतं, पण उत्साहाच्या भरात त्यांनी चारचौघांत शपथ घेतली, की बायकोला नवं लुगडं घेईन तर जवसाचंच. कामात गबाळे असलेले भाऊजी शपथेला मात्र भलतेच पक्के निघाले. ताई मी भाऊबीजेला नेलेल्या लुगड्यावर वर्ष काढायची. ज्या रांजणात काड्या बऱ्या कुजल्या, त्यातलं पाणी भाऊजी दह्याच्या विरजणासारखं मडक्यात राखून ठेवत. हिवाळ्यात घरातलं एकुलतं एक धड घोंगडं त्या मडक्याला, आणि ताप भाऊजींना. एकदा वडशाला नाटक बघायला गेलो, तर थंडीनं जीव मरतील म्हणून मडकं भाऊजींच्या मांडीवर. मंडप खचाखच भरलेला, पण आमच्याभोवती बघता बघता मैदान झालं. पुढच्या वर्षी मडकं घरी ठेवलं, नाटकांच्या नादात मुक्काम लांबवला, काड्या वेळेत काढायच्या राहिल्या आणि परत येऊन पाहतात तो रांजणात सुताचीच पेज. "उपाशी होते बिचारे, जास्त जेवले," भाऊजी म्हणाले.

"त्याइचं पोट भरते," ताई म्हणाली. "माह्या अंगावर काई येत नाई."

शेवटी एका वर्षी सूत निघालं. कोष्ट्यानं कुरकुरत कापड विणलं, ते भरलं उपरण्याएवढं. रंग चिखलाचा, पोत गोणपाटाचा आणि वास जसाच्या तसा. मी पोट धरून हसलो. प्रत्येक फजितीवर उत्तर तयार असणारे भाऊजी खाली बघत एवढंच म्हणाले, "लुगडं नाई झालं." ताईनं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

तशीच ती त्या हिवाळ्यात वडशाला आली. पुन्हा मैदान झालं. खरं सांगतो, मीसुद्धा उठून मागे जाऊन बसलो. तिथून ती दोघंच दिसत होती, ऐसपैस पाय पसरून नाटक बघणारी.

भाऊजी जाऊनही आता बराच काळ झाला. धुऊन धुऊन त्या कापडाचा वास गेला, तरी ताई नाटकाला निघाली की ते खांद्यावर असतंच. लोक आता तिला अगदी खेटून बसतात. मागच्या खेपेला मी विचारलं, "ताई, दाटी होऊन राह्यली का?"

"होते ना," ती म्हणाली. "हे असतानी नाई होत होती."